हातावरचा रस

मी एका हॉटेलच्या किचनमध्ये वीस वर्षं सॅलड कापतो. सेलेरी, पार्सली चिरल्यावर उन्हात जायचं तर आधी साबणानं हात धुवायचे, हा आमच्याकडचा पहिला धडा. रस अंगाला राहिला आणि ऊन लागलं की दोन दिवसांनी कातडी भाजल्यासारखी होते. नव्यांना हे मीच बजावतो, डोळे वटारून.

त्या दुपारी मी हात न धुताच घरी आलो. आई गॅलरीत उन्हात बसली होती. जेवायला चल म्हणून चारदा सांगितलं. ती ढिम्म. शेवटी मी तिचा दंड धरून तिला खेचून उठवलं. जेवून ती परत उन्हात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी दंडावर चार बोटं आणि अंगठा उमटला. शेजारच्या काकूंनी आधी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शरमेनं अर्धमेला झालो. डॉक्टरांनी माझं काम विचारलं आणि हसून म्हणाले, रसानं होतं, महिन्याभरात जाईल. हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. खेचल्याचं तेवढं गाळलं.

मग मी हातमोजे घालून चिरायला लागलो. तरी आठवड्यानं आईच्या पाठीवर, कपड्याखाली, जिथं ऊन पोचतच नाही तिथं, एक अख्खा पंजा दिसला.

तिथं मी हात लावला नव्हता. आदल्या दिवशी तिनं गादीवर चहा सांडला, तेव्हा एक धपाटा घालावा असं फक्त मनात आलं होतं.

पुढचा डाग गालावर आला. काकूंनी माझ्यादेखतच विचारलं.

"भाजीचा रस हो," आई म्हणाली. "तो कशाला हात उगारेल माझ्यावर?"

मला मान वर करवेना.

तेव्हापासून मी मनालासुद्धा लगाम घालतो. पण काल ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी आवाज चढवला नाही, जागचा हललो नाही. फक्त क्षणभर वाटलं, हिचा आवाज कायमचा बंद व्हावा.

आज आईनं गळ्याभोवती रुमाल गुंडाळला होता, एवढ्या उकाड्यात.

मी काही विचारायच्या आत तीच हळू आवाजात म्हणाली,

"दुखत नाही रे फारसं."