खिडकीतली टेकडी

“छत्री वाऱ्याकडे! छत्री वाऱ्याकडे धरा, पाठ माझ्याकडे!”

बसथांब्यामागच्या दुकानाच्या दारातून कुणीतरी ओरडत होतं. माझी छत्री तोवर उलटी होऊन आभाळापुढे वाडगा धरल्यासारखी झाली होती. एका हातात तिचा दांडा, दुसऱ्या हातात तपासायला आणलेली मुद्रितं, आणि केस सगळे तोंडावर. सांगितलं तशी मी वळले. छत्री फटकन सरळ झाली.

“पश्चिमेचा आहे,” तो म्हणाला. ओळखीच्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा सूर. “दुपारपासून वात्रटपणा चाललाय त्याचा.”

“तुम्हाला कसं कळलं?”

त्याने वर बोट केलं. दुकानाच्या पाटीवर तीन काळ्या वाट्या गरगर फिरत होत्या आणि शेजारचा बाण पश्चिमेकडे रोखलेला होता. काचेमागे तापमापक, वायुभारमापक, छोटे तराजू, आणि एका टेबलावर दिव्याखाली अर्धवट उघडलेलं काहीतरी. म्हणजे मोजायची यंत्रं विकणं आणि दुरुस्त करणं हा याचा धंदा तर.

बस येत नव्हती. पावसाचे तिरके थेंब आत येत होते. मी दुकानात शिरले… आणि आपण का शिरलो, हे विचारायच्या आधीच म्हणून गेले, “घरी लावायचं हवामानाचं यंत्र असतं ना? ते दाखवा.”

बाबांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ते रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे — “आज छत्री नको.” संध्याकाळी चिंब भिजून परत यायचे. आई दारातच टॉवेल घेऊन उभी असायची. आता आई रोज सकाळी मला विचारायची, “आज कसं आहे गं बाहेर?” आणि मी म्हणायचे, “माहीत नाही.” त्यापुढे घरात दिवसभर काही बोलणं होत नसे.

त्याने एक चकचकीत रंगीत स्क्रीनवालं यंत्र पुढे ठेवलं आणि लगेच बाजूला सारलं. “हे दिसायला छान आहे. बाकी काही नाही. तुम्हाला कशासाठी हवंय?”

“आईला सांगायला.”

त्याने मान वर करून पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. ते मला आवडलं.

मग त्याने दुसरं यंत्र काढलं. पांढऱ्या ताटल्यांची छोटी चळत, तिच्या पोटात तापमान आणि दमटपणा मोजणारा तुकडा, वेगळा पर्जन्यमापक, वेगळ्या वाट्या, वेगळा दिशादर्शक. “वाट्या आणि पर्जन्यमापक गच्चीवर, उघड्यावर. ताटल्याही तिथेच, सावली धरून.”

“ताटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लावायच्या.”

“खिडकीत?” तो दचकलाच. “भिंत तापते, घरातली हवा बाहेर येते… तुम्हाला हवामान मोजायचंय की घर?”

“दोन्ही मोजलं तर काही बिघडेल?”

“आकडे बिघडतील.”

“बिघडू देत.”

“ठीक आहे. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा,” तो म्हणाला, आणि खिशातून होकायंत्र काढून हसला. “उत्तर मात्र मी ठरवणार.”

रविवारी तो शिडी घेऊन आला. आईने दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, “तुझं हवामानखातं आलंय गं.” ते नाव त्याला कायमचं चिकटलं.

गच्चीवर मी नळी धरून उभी राहिले आणि तो दिशादर्शकाचं टोक उत्तरेला लावत बसला. “थोडं डावीकडे… माझ्या डावीकडे… नाही, तुमच्या.” नळी फिरवायला त्याने हात पुढे केला, तो माझ्या बोटांवर पडला. त्याने काढून घेतला, पण लगेच नाही.

“सापडली का उत्तर?” मी विचारलं.

“होती सापडली. आता पुन्हा शोधावी लागेल.”

खिडकीबाहेर ताटल्या बसवताना तो शेवटपर्यंत कुरकुरला. यंत्राचे आकडे दुकानातल्या त्याच्या स्क्रीनवरही दिसणार होते, काही बिघडलं तर कळावं म्हणून. “केंद्राला नाव काय देऊ?” त्याने विचारलं. मला एकच शब्द सुचला. “खिडकी.”

आता सकाळी आईने विचारलं की मी स्क्रीनवर बघून सांगू लागले. वारा मंद, हवा दमट. आई “बरं” म्हणायची, आणि भाजी निवडता निवडता थोडं बाजूच्या बाईंविषयी बोलायची, थोडं जुन्या गोष्टींविषयी.

आणि फोन येऊ लागले.

“काय खिडकी, कशा आहात?”

“मुद्रितं तपासतेय. तुम्ही?”

“तुमचा आलेख बघतोय. रोज भल्या सकाळी तापमान उगाच वर जातं आणि थोड्या वेळाने खाली येतं. छोटी टेकडी दिसते. सांगत होतो ना, खिडकीत नको म्हणून?”

“ऊन येत असेल.”

“काल ढग होते. परवा पाऊस. तरी टेकडी हजर.” जरा थांबून तो म्हणाला, “गोड दिसते, पण चूक आहे. मी येऊन ताटल्या वर हलवून देतो.”

“नको.”

“का?”

बाबांचा हात जिथे यायचा, तिथेच त्या ताटल्या होत्या. त्या हलल्या असत्या तर तिथे पुन्हा नुसती हवा उरली असती. हे फोनवर कसं सांगायचं? आणि आकड्यांवर जीव असलेल्या माणसाला तर कसं?

तो आग्रह करत राहिला, मी टाळत राहिले. टाळण्यातही एक लय आली होती. फोन उशिरा आला की मी तीच ओळ दोनदा तपासायचे.

मग आई चार दिवस मावशीकडे गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आज ‘काय खिडकी’ नव्हतं.

“घरी सगळं ठीक आहे ना?”

“आहे की. का?”

“टेकडी आली नाही. कालही नव्हती.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “म्हटलं… बॅटरी संपली असेल.”

“बॅटरी संपली तर सगळेच आकडे जातात ना?”

“हो,” तो म्हणाला. “जातात.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. आई नाही, तर टेकडीही नाही.

आई परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागोमाग उठले आणि दाराशी थांबले. आईने चहा केला. दोन कप भरले. बाबांचा मोठा, कान तुटलेला कप तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवला, अगदी ताटल्यांच्या खाली. वाफ सरळ वर गेली. मग तिने कोपरापर्यंत हात बाहेर काढला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, “छत्री घेऊन जा हो.”

माझ्या हातून दार वाजलं. आईने हात आत घेतला, पदराला पुसला.

“थंड झाला की मीच पिते,” ती घाईने म्हणाली. “वाया नाही घालवत.”

“आई… बाहेर कसं आहे ते तुला रोजच कळतं की गं.”

“कळतं ना.”

“मग मला का विचारतेस?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू साधं गणित मला येत नव्हतं. “तू बोलेनाशी झाली होतीस. काहीतरी विचारायला नको?”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आता तिच्या या चहाचं काय होईल, हे मात्र मला कळेना. हवामानखातं संध्याकाळी ताटल्या काढायला येणार होतं; आदल्या दिवशी मी कंटाळून हो म्हटलं होतं. आता खिडकीत स्क्रू आणि शिडी घेऊन तो उभा राहिला, तर आई तिथे पुन्हा कधी कप ठेवेल का?

तो आला. आईने नेहमीसारखी खुर्ची दिली आणि दोरीवरचे कपडे काढायला आत गेली. मी बोलण्यासाठी शब्द जुळवत होते. तो मात्र पेचकस हातात घेऊन खिडकीतून वाकला… आणि तसाच थांबला. कठड्यावर, ताटल्यांच्या बरोबर खाली, कपाच्या तळाची तपकिरी वर्तुळं होती. एकावर एक, कितीतरी.

त्याने एका वर्तुळावरून बोट फिरवलं. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं. पेचकस परत खिशात गेला.

“इथेच असू द्या,” तो म्हणाला.

“पण आकडे?”

“माझ्या पिशवीत दुसऱ्या ताटल्या आहेत, त्या गच्चीवर लावू. खरं तापमान त्या सांगतील.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “दुकान उघडलं की मी आधी ती टेकडी बघतो. दिसली की… माझा दिवस सुरू होतो. आली नाही तेव्हा माझ्या हातून दोन काचा फुटल्या.”

मी शिडीचं एक टोक उचललं.

गच्चीवर ढग खाली उतरले होते. पांढऱ्या ताटल्या बसल्या, स्क्रू घट्ट झाले, तरी दोघांपैकी कुणी खाली निघेना.

“उद्या कसं असेल?” मी विचारलं.

“मी अंदाज सांगत नाही. फक्त आकडे.”

“एकदा सांगा ना.”

त्याने कठड्यावरून कोपरापर्यंत हात बाहेर काढला. मी कधी त्याला बाबांविषयी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं असावं. डोळे मिटून, अतिशय गंभीरपणे तो म्हणाला, “उद्याचं माहीत नाही. आज पाऊस नाही. छत्री नको.”

पहिला टपोरा थेंब त्याच्या कपाळावर पडला. मग माझ्या. मग सगळीकडून एकदम.

“चुकलं,” तो म्हणाला.

“हो. अगदी हवं तसं चुकलं…” आणि मला हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी, भिजत, पोट धरून. तो पाहत राहिला.

“चल, भिजशील,” तो म्हणाला. ‘भिजाल’ म्हणायचं त्याला सुचलंच नाही. मीही आठवण करून दिली नाही.

जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात दुसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तेव्हा मी खिडकीतच होते.

“आज टेकडी मोठी दिसतेय,” तो म्हणाला.

“आज दोन कप ठेवलेत. दुसरा माझा आहे.”

पलीकडून अगदी हळू, “तिसऱ्याला जागा होईल?”

मी कठड्याकडे पाहिलं. आईने तोवर बाबांचा कप जरा डावीकडे सरकवला होता, माझा उजवीकडे, आणि मधल्या रिकाम्या जागेवरून ओलं फडकं फिरवत होती.

“ये,” मी म्हटलं. “आणि छत्री घेऊन ये.”