गुळगुळीत

त्या काळात खोंडाच्या अंगावरचा केसांचा भोवरा कुणी नशिबावर सोडत नसे. गाय गाभण राहिली की ती डॉक्टर नलावडेबाईंच्या प्रयोगशाळेत न्यायची आणि हवा तिथे भोवरा मांडून घ्यायचा. महिपत बैलांचा व्यापारी. भोवरा जागच्या जागी असला तर जनावर लक्ष्मीचं, भलत्या जागी असला तर घर बुडवणारं, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

बाईंनी त्याला एकदा सगळं उलगडून सांगितलं होतं. गर्भातली कातडी आधी कोरी असते. मग एखाद्या ठिकाणी केसाचं मूळ धरतं, आणि धरता धरता भोवती एक रस सोडतं. बाजारात आधी आलेला माणूस गोणपाट पसरतो आणि दुसऱ्याला हाताने लांब बसवतो, तसंच. या आवरणाऱ्या रसाला बाई रोखरस म्हणत. त्याची मात्रा बदलली की मुळांच्या ओळी वळत, आणि भोवरा सरके.

महिपतच्या स्वतःच्या डोक्यात दोन भोवरे होते. दोन भोवरे, दोन बायका, असं गावाने लहानपणीच त्याला ऐकवलेलं. पहिली बायको तापाने गेली तेव्हा त्याला ते पटलंच. दुसरीला, इंदूला, दिवस राहिले तसा तो बाळाच्या डोक्यात एकच भोवरा मांडून घ्यायला बाईंकडे गेला. इंदू म्हणाली होती, "बैल न्हाय ह्यो, लेकरू हाय माजं." पण त्याने ऐकलं नाही. शेवटी तिने सुईसाठी दंड पुढे केला.

मुलगी झाली. डोक्यात एकच भोवरा, मधोमध. महिपतने बाजारभर पेढे वाटले, चार जणांना बाईंचा पत्ताही दिला.

पोर बसायला लागली तसं तिच्या हातातून सगळं निसटू लागलं. खुळखुळा, वाटी, आईचं बोट. नोंदणीच्या यंत्राने तिच्या बोटांचे ठसे घेतले नाहीत. बाईंनी भिंगाखाली पाहिलं. दहाही बोटं काचेसारखी गुळगुळीत.

"केसांची मुळं आणि बोटांवरच्या रेषा एकाच हुकमाने उमटतात," बाई सावकाश म्हणाल्या. "तिथे ठिपके, इथे रेघा. रोखरस इथेही पोचला असेल, पण खात्री नाही. वासरांच्या नाकाच्या शेंड्यावरही अशाच रेषा असतात. महिपतराव, आपल्या वासरांची नाकं कधी गुळगुळीत दिसली का तुम्हाला? दिसली असतील तर मला आजच हे बंद करावं लागेल."

दिसली होती. एकदा नाही, दर खेपेला. गिऱ्हाईकाला तो तेच बोटाने दाखवायचा, बघा कसं रेशमागत नाक. इंदूच्या पोटात पोर होती तेव्हाही दाखवलं होतं.

इंदू त्याच्याकडे बघत होती.

"न्हाय मॅडम," तो म्हणाला. "तसं काय ध्यानात न्हाय."

बाईंनी सुस्कारा सोडला. मग रक्तातूनच आलं असेल, असं त्या म्हणाल्या.

इंदूने पोरीची मूठ पदरात झाकली. "माज्याकडनंच आलं आसंल," ती हळू म्हणाली. "माज्या आईच्या बोटाला बी रेघा नव्हत्या. आमी म्हनायचो, भांडी घासून गेल्या."

तेवढ्यात नर्सने दार उघडून पुढचं नाव पुकारलं. पोट सांभाळत एक बाई आत आली. मागे तिचा नवरा होता, बाजारात पेढे खाल्लेल्यांपैकी. महिपतला बघून त्याने ओळखीचं हसत हात जोडले.