जोडटोले

सहा मार्चच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी तामालेच्या लष्करी छावणीत बँडवाले कडुलिंबाखाली उभ्या-उभ्याच 'वाचे' ही तिथली न्याहारी खात होते. भात-चवळीवर तिखट रस्सा, वर अंडं, सगळं कसं झकास होतं. पण कॉर्पोरल झिफाच्या घशाखाली घास उतरेल तर शपथ!

"खा गं बाई," कॉर्नेटवाला येबोआ म्हणाला. "ढोल तुझ्यापेक्षा जड. वारा आला तर तोच तुला घेऊन जाईल."

सगळे खो-खो हसले. झिफाही हसली, पण तिने ताट तसंच बाजूला ठेवलं.

त्याला कारण होतं. बँडमध्ये धून सुरू करायला चाळीस माणसं लागतात, थांबवायला एक पुरतं. ड्रम मेजरने पुढे दांडा उंच धरायचा, मग मोठ्या ढोलवाल्याने दोन जोडटोले द्यायचे, की ओळ संपताच सगळे गप्प. टोल्यांवाचून कुणी थांबला तर त्याची खैर नाही. गेल्या आठवड्यात सरावाला झिफाची गफलत झाली आणि तिने ते टोले नको तिथे देऊन टाकले. बँड बंद, मागून येणाऱ्या चारशे जवानांची पावलं एकमेकांत, नुसता गोंधळ.

"सहा तारखेला पुन्हा असं झालं," ड्रम मेजर अटिंगासाहेब म्हणाले होते, "तर ढोल खाली, आणि तू गणवेशाच्या कोठारात. बटणं शिवत बस."

सार्जंट अकोल्गो बावीस वर्षं तो ढोल वाजवून जानेवारीत वारले. त्यांच्या जागी बाई आली हे अर्ध्या छावणीला अजून पचलं नव्हतं.

तिने ढोलवाल्याच्या गणवेशातलं बिबट्याचं कातडं पाठीवर घेतलं, ढोल छातीशी अडकवला. उजव्या बाजूचं चामडं गार लागलं. डावं हाताला चांगलंच ऊबदार होतं. ढोल रात्रभर कुलपात होता. जवळपास कुणी शेकोटी पेटवली असेल, असं म्हणून तिने तो विचार झटकला.

नऊ वाजता बँड रस्त्यावर आला आणि काय सांगावं! दुतर्फा माणूस मावत नव्हतं. बायका ओढण्या फडकवत होत्या, म्हातारे छातीवर हात ठेवून उभे होते. कुणीतरी ओरडलं, "अरे, ढोलावर आपली पोरगी आहे बघा!" बाजारातल्या बायकांनी असा जल्लोष केला की झिफाच्या अंगावर काटा आला. उजवा हात बरोबर पडत होता. डावा तर इतका बरोबर, की तिलाच नवल वाटलं.

मग लक्षात आलं. डावीकडचा आवाज तिच्या काठीच्या आधी येत होता. अगदी केसभर आधी.

उन्हामुळे होत असेल. ती वाजवत राहिली.

मैदानातला सलामीचा मंच आला. मंत्री उठून उभे राहिले. मागून चारशे बूट एका दमात पडत होते. आणि नेमकं तिथेच हाताने दगा दिला. झिफाच्या उजव्या हाताने जोडटोला मारला. लगेच दुसरा. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संपलं सगळं!

आवाजच आला नाही.

काठी चामड्यावर आपटलेली तिने पाहिली होती. मनगटाला हिसका बसला होता. पण चामडं मुकं राहिलं, आतून कुणी तळवा टेकवून धरावा तसं. डाव्या बाजूने ठेका अखंड चालू होता. बँड दणदणत मंचापुढून निघाला, मागे चारशे जणांचं एकच पाऊल. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

"शाब्बास!" परतीच्या वाटेवर अटिंगासाहेब मान न वळवता गरजले. "ढोल तुझा!"

झिफाला रडू आलं. एवढा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. ती रडत रडत वाजवत होती आणि पोरंटोरं बरोबर नाचत होती.

बँडची खोली आली. अटिंगासाहेबांनी दांडा उंच धरला. झिफाने जोडटोले दिले.

आवाज नाही.

तिने पुन्हा दिले. अंगातलं सगळं बळ लावून दिले. डावीकडचा ठेका मात्र चालूच राहिला.

बँड खोलीपुढून गेला. दांडा उंचच होता. छावणीचं मागचं फाटक गेलं. बाहेरच्या लोकांना वाटलं खास त्यांच्यासाठीच चाललंय. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दोन मैल झाले.

येबोआने बाजा ओठांना लावलेला ठेवूनच मागे पाहिलं. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"झिफा," श्वास घेता घेता तो कळवळला, "पाया पडतो. टोले दे."

झिफाने त्याला दोन्ही काठ्या दाखवल्या. मघापासून त्या तिच्या काखेत होत्या.