तिसऱ्या सालचा खाडा

भोरच्या नुजहतला रिकामी चौकट खपत नसे. घरचे तिला हसत. अम्मी म्हणायची, ही पोरगी सासरी गेली की आधी त्यांच्या कॅलेंडरावर दुधाचे खाडे तपासत बसेल. पण याच खोडीमुळे पुण्याच्या एका संशोधन केंद्राने २००२ साली तिला कामावर ठेवून घेतलं.

काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. वेल्हे तालुक्यातली साठीपुढची बासष्ट माणसं निवडलेली. प्रत्येकाला वर्षातून एकदा जीपने पुण्याला न्यायचं, ठकठक वाजणाऱ्या मशीनच्या नळीत अर्धा तास निजवून मेंदूचा फोटो काढायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचवायचं. अशी पाच वर्षं. वय वाढताना माणसाच्या आठवणींचं काय होतं, ते यातून कळायचं होतं. रजिस्टरात एका माणसाला एक ओळ आणि ओळीत पाच चौकटी.

पुण्यात संगणकावर या फोटोंचा अभ्यास करायची ती मोहिनीताई. तिने पहिल्याच दिवशी नुजहतला सांगून ठेवलं होतं, "जो आला नाही, तो का आला नाही ते विचारून यायचं. गुडघा दुखला म्हणून राहिला, ते वेगळं. जीपपाशी कशाला उभे आहोत तेच आठवेना म्हणून घरी गेला, ते वेगळं. नुसत्या धडधाकट माणसांचे फोटो बघत बसलो तर आपण म्हणणार, सगळं छान चाललंय."

नुजहतला हे इतकं पटलं की हुकलेल्या माणसामागे ती हात धुऊन लागायची. एसटी जाईल तिथवर एसटी, पुढे पायी. एक म्हातारा तर तिने दोन महिन्यांनी पानशेतला नातवाच्या खानावळीत कांदे चिरताना गाठला आणि त्याचं कारण लिहून घेऊनच ती हलली. अशी माणसं असतात म्हणून शास्त्र चालतं, आणि त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

पासलीच्या वरच्या अंगाला सात घरांचा धनगरवाडा आहे. तिथल्या बयाबाईची ओळ म्हणजे नुजहतचा अभिमान. पाचही चौकटी भरलेल्या. शिवाय पाच वर्षांत बाईचा मेंदू तसूभर आटला नव्हता. "बासष्टात ही एकच," मोहिनीताई म्हणायची.

२००७ च्या मार्चमध्ये रजिस्टर बंद करायची वेळ आली. प्रत्येक ओळीखाली नुजहतची सही लागणार होती, की पाचही वेळा हेच माणूस नळीत निजलं. सही करण्याआधी बयाबाईला भेटून यावं, म्हणून ती वर गेली. बयाबाईने शेळीच्या दुधाचा चहा केला. शेजारची बनाबाईही येऊन टेकली.

"पाच सालं झाली, आजी," नुजहत म्हणाली. "एकदासुद्धा खाडा नाही तुमचा."

बयाबाई खूश झाली. "खाडा कसा पडंल? तिसऱ्या साली म्या तापानं पडले, तर बनाबाई गेली न्हवं का."

नुजहतचा कप हातातच राहिला. तिने बनाबाईकडे पाहिलं.

"व्हय," बनाबाई म्हणाली. "म्याच निजले त्या नळीत. जोडवी काढाय लावली मला."

यात लपवण्यासारखं काही आहे, हे दोघींच्या गावीही नव्हतं. भाताच्या लावणीला इकडे अशीच रीत आहे. ज्या घराने बाई द्यायचं कबूल केलं, त्या घरची बाई आजारी पडली तर दुसरी तिच्या नावाने चिखलात उभी राहते, आणि त्या घराचा खाडा पडत नाही. दिलेला शब्द राहिला म्हणजे झालं.

"आन् म्या हितं पडलेली," बयाबाई म्हणाली, "तरी दिसभर डोक्यात नुसती ठकठक. भात झोडावं तशी."

ताप असेल, असं नुजहतला वाटलं. तिला आता दुसरंच काही सुचत नव्हतं. २००४ साली त्या आठवड्यात ती बहिणीच्या, सदफच्या, लग्नासाठी सुट्टीवर होती. परत आल्यावर जीपची यादी पाहिली, नावापुढे खूण होती, आणि चौकट भरून टाकली. जन्मभर दुसऱ्यांचे खाडे तपासणाऱ्या बाईने स्वतःचा तेवढा तपासला नव्हता.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वेल्हे गेलं, मार्गासनी गेलं. सांगितलं तर बयाबाईची ओळ मोडणार, आपली नोकरीही जाऊ शकते. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही. खोटं बोलायला फक्त गप्प बसायचं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोहिनीताईसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली.

मोहिनीताई रागावली नाही. तिने बयाबाईचे पाचही फोटो पडद्यावर घेतले. मेंदूच्या वळ्या अंगठ्याच्या ठशासारख्या, एकाच्या दुसऱ्याला नसतात. तिने तिसरा फोटो दुसऱ्यावर ठेवला, मग चौथ्यावर. वळीला वळी बसली. बयाबाई लहानपणी कड्यावरून पडली होती, त्याची जुनी खूण डाव्या कानामागे होती, तीही जागच्या जागी.

"नुजहत, ही बयाबाईच आहे. बनाबाईची काहीतरी चूक होतेय."

त्यांनी जीपवाल्या सलीमला बोलावलं. त्याला स्वच्छ आठवत होतं. "बनाबाईच होती. मार्गासनीला ओकली बिचारी. मी पाणी दिलं."

मग मशीनच्या खोलीतला त्या दिवसाचा कागद निघाला. निजवण्याआधी उंची मोजतात, ती त्यात होती. पाच फूट चार इंच. बनाबाई तेवढी होती. बयाबाई नुजहतच्या खांद्यालाही लागत नसे.

मोहिनीताईने तिसरा फोटो पुन्हा एकदा दुसऱ्यावर ठेवून पाहिला.

"फोटो तिचाच आहे," मोहिनीताई शेवटी म्हणाली. "ठेवूया?"

"पण ती आली नव्हती, ताई. रजिस्टर कोण आलं ते विचारतं. काय निघालं ते नाही."

मोहिनीताईने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. नुजहतने चौकटीवर काट मारली. कारण लिहिलं: ताप. बाई घरी होती. अक्षर नेहमीसारखं आलं. केंद्राने तिला लेखी समज दिली. नोकरी राहिली.

"आता त्या चौकटीचं काय होणार?" तिने विचारलं.

"फोटो बाहेर. संगणक पुढच्या-मागच्या वर्षांवरून अंदाज बांधेल. पण एकच अंदाज खरा धरला तर ती लबाडी झाली. म्हणून पाच बांधायचे, पाची निराळे. कुठे बाई ठणठणीत, कुठे फार वाईट. पाचांनाही सारखाच मान द्यायचा, कारण खरं काय ते आपल्याला ठाऊक नाही."

नुजहत भारावून गेली. आपल्याला माहीत नाही, हे इतक्या सचोटीने सांभाळणारी माणसं तिने आजवर पाहिली नव्हती.

महिन्याने ती पुन्हा वर गेली. काट मारली हे बयाबाईच्या तोंडावर सांगायला हवं होतं. दोघी बायका अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आजी, तुमचा तिसऱ्या सालचा खाडा मांडला मी. माफ करा."

"खाडा कशाचा? त्या साली म्याच आले की. सलीमच्या शेजारी बसले. त्यानं खिडकी लावून घेतली."

"व्हय," बनाबाई म्हणाली. "जाताना मला म्हनली, शेरडांची धार काढ."

"मागे तर म्हणालात, ताप होता."

"ताप व्हता की. हितंच पडलेली. ही गेली माज्या नावानं."

"व्हय," बनाबाई म्हणाली.

नुजहत पायरीवर बसली. बयाबाईचा आवाज नेहमीचाच होता, डोळ्यांनी पाहिलेलं सांगणाऱ्या माणसाचा.

"त्या साली लेकीकडं व्हते, भोरला. चार म्हैनं. पाय मोडलेला."

"व्हय. शेरडं म्या राखली."

"त्या साली मला कायच उमजंना झालं. सुनंचं नाव आठवंना."

"व्हय. हात धरून दारात आनावं लागायचं."

पाचांतले चार झाले. नुजहत मनातल्या मनात मोजत होती आणि मोजणं थांबवता येत नव्हतं. आता पुढे काही विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने विचारलं नाही.

"आन् त्या साली म्या गेले," बयाबाई म्हणाली.

तिने सुपातला एक साळीचा दाणा वेचून बाजूला टाकला.

नुजहतने बनाबाईकडे पाहिलं.

"व्हय," बनाबाई म्हणाली. "म्याच शेवटचं न्हाऊ घातलं तिला."

"पानी लई कढत व्हतं गं," बयाबाई म्हणाली.