डाव्या कानाचा आलेख

पहिल्या भेटीत मी त्याच्यावर ओरडले, तेही थेट हेडफोनमधून. कान तपासायला आलेल्या माणसाच्या कानात ओरडणं यापेक्षा वाईट चूक आमच्या कामात नाही. हे मला माहीत होतं. तरी ओरडले.

खरं तर तो माझ्याकडे यायचाच नव्हता. शेजारच्या खोलीतली सहकारी त्या दिवशी रजेवर होती, म्हणून तिचे दोन पेशंट माझ्या वाट्याला आले. त्यातला हा दुसरा. वय चौतीस, डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते अशी तक्रार, आणि व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द— गिटार.

"व्यवसाय विचारलाय, वाद्य नाही," मी म्हणाले.

"नोकरी लिहिली तर खोटं ठरेल, मॅडम. आणि संगीतकार लिहिलं तर आमचा मामा पोट धरून हसेल."

मी हसले नाही. त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. काचेच्या अलीकडे माझं यंत्र, पलीकडे तो. नियम एवढाच, की बारीक आवाज आला की बटण दाबायचं.

मी आवाज दिला. बटण नाही. आवाज थांबला... आणि त्याने बटण दाबलं. पुन्हा आवाज, पुन्हा काही नाही, आणि मग मधल्या शांततेत बटण. मी आवाज वाढवला. तेच. आणखी वाढवला. तेच! वर चेहऱ्यावर असा भाव, की सगळं कसं सुरळीत चाललंय.

"इथे काय पोरखेळ चाललाय?" मी माइकमध्ये ओरडले. "आवाज आल्यावर दाबायचं, संपल्यावर नाही!"

त्याने दचकून हेडफोन काढले. स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. "अरे... हो की." आणि मग त्याला हसू आवरेना. "माफ करा हं. बारा वर्षं मी ठोक्यावर काही वाजवलेलंच नाही."

"म्हणजे?"

"स्का वाजवतो आम्ही, जमैकाचं नाचायचं संगीत. आणि रेगे. बाकीचे लोक पाय आपटला की वाजवतात, आम्ही पाय उचलला की. एक— चक— दोन— चक. तेवढं 'चक' माझं काम. बँडमध्ये नावसुद्धा चकच आहे माझं."

"पण इथे ठोका कुठे होता?"

"तुम्हीच देत होतात ना? दीड सेकंदाला एक. कसला पक्का! नाचावंसं वाटत होतं."

माझे कान तापले. आवाज कधीही ठराविक अंतराने द्यायचा नाही, नाहीतर समोरचा अंदाजाने बटण दाबतो— आम्हाला शिकवलेला हा पहिला धडा. सहा वर्षांत माझ्या बोटांना कधी लय लागली, मला कळलंही नव्हतं. मला माझा राग आला. पण चूक त्याने पकडली होती, म्हणून तो रागही मी त्याच्याच खात्यावर टाकला.

दुसऱ्यांदा मी मुद्दाम वेडीवाकडी अंतरं ठेवली. उजव्या कानाची रेघ सरळ आली. डाव्या कानाची चार हजार हर्ट्झपाशी धाडकन खाली गेली, पंचावन्न डेसिबलवर.

"असा खड्डा मोठ्या आवाजाने पडतो," मी कागद त्याच्यासमोर सरकवला. "तो परत भरत नाही. असंच चाललं तर चाळिशीत 'स' आणि 'श' तुम्हाला सारखेच ऐकू येतील. तुमच्या डावीकडे कोण उभं असतं?"

"मामा. ट्रॉम्बोन."

"मग जागा बदला."

"बँडमध्ये जागा बदलत नाहीत, मॅडम. पहिल्या कार्यक्रमाला जो जिथे उभा राहिला, तो कायम तिथेच."

"हा कुणाचा नियम?"

"मामाचा," तो म्हणाला. मग आलेखाची घडी घालून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली. हळूच, जणू ती फुटेल.

नियम म्हणे! संध्याकाळभर माझा जळफळाट चालू होता.

"तू त्या माणसाच्या कानाबद्दल चौथ्यांदा बोलते आहेस," घरी ताई म्हणाली. "त्याला बाकीचे अवयव आहेत ना गं?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मोजल्याशिवाय मत देणं मला पटत नाही, एवढंच कारण होतं. म्हणून पुढच्या सोमवारी दुपारी मी आवाज मोजायचं यंत्र पर्समध्ये टाकून त्यांच्या तालमीला गेले. निव्वळ मोजायला.

तालीम, चकने फोनवर सांगितल्याप्रमाणे, मामाच्या केशकर्तनालयात होती. सुट्टीच्या दिवशी तिथेच वाजवायचं, हे तीस वर्षं चालत आलेलं. दारावर जी पाटी लटकायची तेच बँडचं नाव झालं होतं— 'सोमवार बंद'. फिरत्या खुर्च्यांच्या मधे नऊ माणसं दाटीवाटीने उभी होती, दोन्ही भिंतींवर लांबलचक आरसे. त्यामुळे नऊचे नव्वद दिसत होते.

"केस कापायचे असतील तर उद्या या," मामा म्हणाला. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट.

"आवाज मोजायचाय," मी यंत्र काढता काढता म्हणाले.

"हो हो, फारच छान," तो म्हणाला.

चक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मामा, ही कानवाली. आवाज मोजणार आहे."

"कशाला? तीस वर्षं झाली! पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातले चार वाढपी. नंतर टेम्पो उलटला, दोन गायक पळाले, एकदा मंडप उडाला, पण आमचा ठोका हलला नाही आणि जागाही हलल्या नाहीत. कुणाच्या कानाला काही झालं का?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मामा भिंतीकडे तोंड करून, आरशात बघत आपला लांब पितळी ट्रॉम्बोन फुंकत होता. मी यंत्र चकच्या डाव्या कानापाशी धरलं. मला इतक्या जवळ उभं राहावं लागलं की त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास कळत होता... तो नोंदीत लिहिण्यासारखा नव्हता. आकडा आला अठ्ठ्याण्णव. वाईटच, पण तो खड्डा एवढ्याने पडला नसता. आणि उजवा कान मग कसा वाचला?

"रविवारी मैदानावर कार्यक्रम आहे, दुपारी चारला," चक तारा पुसत म्हणाला. "तिथे मोजा. की मॅडम रविवारी फक्त आराम करतात?"

"मी यंत्रासाठी येईन."

"यंत्राला खास आमंत्रण," त्याने वाकून यंत्रालाच सांगितलं.

रविवारी मी कानात बोळे घालून मंचाच्या कडेला उभी होते. कपाळाला आठ्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि बेस थेट बरगड्यांत शिरला. माझ्या बरगड्यांना तो आवडला. मला कुणी विचारलंच नाही. समोर हजारभर माणसं एकाच वेळी जमिनीवरून सुटत होती. आजोबांच्या खांद्यावर नातू, आणि आजोबाही उडतायत. चकने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. मी खाली बघितलं तर माझा पाय बरोबर मधल्या जागेत उचलला जात होता. मी तो जागीच दाबून धरला.

तेवढ्यात मामाच्या वाजवण्याची वेळ आली. ट्रम्पेटवाला आणि सॅक्सोफोनवाली लोकांकडे तोंड करून उभे होते. मामा मात्र अर्धा उजवीकडे वळला, डोळे चकच्या हातावर रोखून. ट्रॉम्बोनचं रुंद तोंड चकच्या डाव्या कानापासून दीड हातावर आलं.

यंत्राने एकशे चौदा दाखवले.

मंचावर आरसा नव्हता. अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात सगळं जुळलं. आणि मग जो राग आला, तसा मला पूर्वी कधीच आला नव्हता.

मध्यंतरात मी त्याला मंचामागे, पेट्यांच्या ढिगाऱ्याआड गाठलं. "मामांना ऐकू येत नाही."

"हळू बोला."

"हळू कशाला? त्यांना ऐकू येत नाही!"

तो गिटारची तार पिळत राहिला. "दोन वर्षं झाली. तालमीत आरशात माझा हात बघून वाजवतो. इथे वळावं लागतं. बाकीच्यांना वाटतं, म्हाताऱ्याचा नखरा आहे."

"आणि तुम्ही त्या तोंडासमोर कान धरून उभे!"

"दहाव्या वर्षी त्याने माझ्या हातात गिटार दिली. मी सरकलो तर तो चुकणार, चुकला तर सगळ्यांना कळणार, आणि कळलं तर तो त्याच दिवशी ट्रॉम्बोन पेटीत बंद करेल. ओळखतो मी त्याला."

"म्हणून एकाचे दोन बहिरे करायचे? हा त्याग नाही, हा शुद्ध गाढवपणा आहे! कान काय नख आहे, परत उगवायला?"

तो तार पिळायचा थांबला.

"तुम्हाला एवढा राग का येतोय?" त्याने हळूच विचारलं.

"कारण... तो कान चांगला आहे. होता."

"फक्त कान?"

मी यंत्र पर्समध्ये कोंबलं आणि निघून आले.

पुढच्या सोमवारी मी तालमीच्या तासभर आधीच पोहोचले. मामा एकटाच वस्तरे पुसत होता. मी सरळ खुर्चीत बसले आणि केसांकडे बोट दाखवलं.

"सोमवारी कापत नाही मी. पण तू कानवाली. बरं, टोकं काढतो."

त्याने कात्री चालवायला घेतली. आरशात आमची नजर भेटली. मी ओठ हलवले. आवाज मात्र अजिबात काढला नाही.

मामा, तुम्हाला ऐकू येत नाही.

"कोण म्हणतं?" तो उसळला. "सगळं ऐकू येतं मला!"

"मी आवाज काढलाच नव्हता," आता मी आवाज काढून म्हणाले.

कात्री हवेतच थांबली. माझी मलाच लाज वाटली, पण मी उठले नाही. पर्समधून डाव्या कानाच्या आलेखाची दुसरी प्रत काढून त्याच्या हातात दिली, आणि आरशात बघत, सावकाश, सगळं सांगितलं. एकशे चौदा. दीड हात. दोन वर्षं.

त्याने त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, रडणार. पण तो कडाडला, "त्या गाढवाने मला सांगितलं का नाही?"

"हेच! हेच मी म्हणत होते!"

"माझ्यासाठी कान देतो म्हणे! मागितला होता मी? केवढा शहाणा!" त्याने कात्री टेबलावर आपटली. मग एकदम त्याचा आवाज बसला. "म्हणजे आता मी थांबायचं. तेच सांगायला आलीस ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही त्याचा हात कुठे बघता?"

"आरशात."

"मग आरसाच मंचावर न्या."

त्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि तो खणात आरसा उतरवायला पाना शोधायला लागला. माझे केस एका बाजूला दोन बोटं आखूडच राहिले. अजूनही आहेत.

त्यापुढच्या कार्यक्रमाला मामाच्या समोर स्टँडवर आरसा होता, आणि तो दोन वर्षांत पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून वाजवत होता. लोकांना वाटलं, म्हातारा रुबाबात मिशा बघतोय. चक चार पावलं उजवीकडे सरकला होता. नऊही जणांच्या कानात मी स्वतः बोळे बसवले. त्याच्या कानात बसवायला जरा जास्त वेळ लागला.

महिन्याभराने तो फेरतपासणीला आला. मामाही आला, दोन्ही कानांत ऐकण्याची नवी यंत्रं घालून, आणि माझ्यामागे खुर्ची ओढून बसला. डाव्या कानाचा खड्डा तसाच होता. वाढला नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच कानाची शेवटची चाचणी घेतली. त्यात मी तोंडासमोर पुठ्ठा धरून माइकमध्ये एकेक शब्द बोलायचा, आणि त्याने तो परत म्हणायचा.

"खिडकी."

"खिडकी."

"साखर."

"साखर."

यादी संपली. मी पुठ्ठा खाली ठेवला नाही. आवाजाचा काटा पंचवीस डेसिबलवर आणला. एवढा आवाज म्हणजे जेमतेम कुजबुज.

"तू मला आवडतोस."

शांतता. तो काचेतून सरळ माझ्याकडे बघत होता. नियमाप्रमाणे मी पाच डेसिबल वाढवले. "तू मला आवडतोस." काही नाही. पस्तीस. चाळीस. कान गेला की काय? की... ऐकू आलंय आणि त्याला उत्तरच द्यायचं नाहीये? पंचेचाळीस. पन्नास!

"अगं, मलासुद्धा ऐकू आलं!" मागून मामा ओरडला. "त्या गाढवाला काय झालंय?"

तेव्हा मला कळलं, की काट्याबरोबर मी माझा आवाजही चढवत नेला होता. मी पुठ्ठा आपटला. "ऐकू येतंय की नाही?"

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," काचेपलीकडून तो म्हणाला. त्याचे डोळे हसत होते. "पुढच्या पाच वेळा... नुसतं ऐकत होतो."

"आणि उत्तर?"

"मी ठोक्यावर वाजवत नाही गं. तू थांबलीस की वाजवतो."

मी थांबले. अगदी श्वाससुद्धा.

"तूही मला," तो म्हणाला.

चेहरा लपवायला मी मान खाली घातली आणि त्याच्या कागदावर नोंद केली: डावा कान, पंचवीस डेसिबलला स्पष्ट ऐकू येते. प्रतिसाद उशिरा, पण बरोबर.