वाऱ्याच्या तोंडावर गेलेला बाण

"वाहरूकाका बिडीला शिवतसुद्धा नाहीत. मग गंजी पेटली कशानं?" धनूनं तावातावानं विचारलं. तिच्या चुलतभावानं, नवलनं, एक काळवंडलेली काडी पुढे केली. काडीच्या टोकाला कागदाची जळकी नळी होती.

"दिवाळीतल्या बाणाची काडी. राखेपासून चार हातांवर सापडली. वास घे, दारू ताजी आहे."

१९३६ सालची दिवाळीची सुट्टी होती. आदल्या दुपारी तापीकाठच्या कोरीटमध्ये बन्सीलालआबांची गवताची गंजी जळाली होती. आबा धनूचे आजोबा आणि गावचे पाटील. राखणदार वाहरूनं बिडी टाकली, असं चावडीवर ठरलं आणि त्याला गाव सोडायला उद्यापर्यंतची मुदत मिळाली. त्याची मुलगी रुखमा म्हणजे धनूची जिवाभावाची मैत्रीण. ती गेली तर सुट्टी कसली न् दिवाळी कसली!

त्या दुपारी बाण उडवला होता सुकलालकाकांनी, म्हणजे नवलच्याच वडिलांनी. नंदुरबारहून आणलेला माल चांगला आहे का, हे परसात पाहत होते म्हणे. धनूनं काडी दाखवली तर ते हसले.

"पोरी, तुले काय समजस! वारा गंजीकडून घराकडे होता. उपणताना भुसा कधी वाऱ्याच्या तोंडावर जातो का? ही काडी गेल्या वर्षीची असेल."

आबांनीही मान डोलावली. साऱ्या हयातीत खळ्यावर उपणणी केलेली माणसं ती. वाऱ्याची गोष्ट निघाली की कुणाचं ऐकायची नाहीत.

तिघं पोरं उरलेले दोन बाण घेऊन बांधावर बसली. नवल ढेकळं फोडत होता. बाप खोटा ठरावा असं कुणाला वाटेल?

"भुशाला स्वतःचा जोर नसतो," रुखमा म्हणाली. "बाणाला आहे. तापीत नावेतून काठावर उडी मारली की नाव मागं सरकते ना? तसंच. जाळ खाली सुटतो, नळी वर सरकते."

"पण वाऱ्याच्या तोंडावर का जावी?" नवल पुटपुटला.

धनूनं बाण बोटावर तोलला. जिथं तोल साधला, तिथं दोरा बांधून तो वाऱ्यात टांगला. लांब काडी वाऱ्यानं मागं ढकलली आणि बाणाचं तोंड गर्रकन सातपुड्याकडे, नेमकं वाऱ्याकडे वळलं. तिनं पुन्हा फिरवला, तो पुन्हा तिकडेच.

"तोंड तिकडे वळलं, की जाळ तिकडेच ढकलणार," ती म्हणाली. नवल उठून उभा राहिला.

"चल, आबांना बोलाव. माझ्या बाबांच्या समोरच होऊ दे," तो म्हणाला.

संध्याकाळी नदीच्या वाळूत सगळे जमले. काकांनी आपलं पागोटं वारा जिकडे जात होता तिकडे अंथरलं. "इथं पडेल बघा." आबा मात्र बाण येणारच नाही अशा बाजूला, थेट वाऱ्याच्या तोंडावर, छत्री उघडून ऐटीत बसले. धनूनं हात जोडून विनवलं, "आबा, तिथं नका बसू." आबा हटले नाहीत.

नवलनं पाण्याची घागर जवळ ठेवली, बाण सरळ उभा केला आणि वात पेटवली. बाण उठला, वाऱ्याकडे झुकला आणि सुसाट सुटला. आबांनी छत्री टाकून धोतर सावरत धूम ठोकली. बाण त्यांच्या रिकाम्या जागेच्या पाच हात पलीकडे वाळूत फुसफुसत पडला. रुखमा हसली, मग सगळेच हसले.

सुकलालकाका तेवढे हसले नाहीत. पागोटं उचलून ते तडक वाहरूच्या झोपडीकडे निघाले. वाहरूनं त्यांची माफी शांतपणे ऐकून घेतली.

"अठे नको, शेठ. चावडीवर सांगा. मन्हं नाव तठे खराब व्हयनं."

काकांचा चेहरा पडला, पण ते गेले. गाव गोळा झालं. आबा धनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही म्हाताऱ्यांनी भुशावरून न्याय केला. पोरांनी बाण उडवून पाहिला. शहाणी आमचीच पोरं. वाहरू गाव सोडून कुठं जाणार नाही."

मग काका पुढे झाले. भर चावडीत, डोकं उघडं ठेवून, त्यांनी राखणदारासमोर हात जोडले.

"वाहरू, तुन्ही काहीच चूक नही. चूक मन्ही शे."

नवल बापाशेजारी जाऊन उभा राहिला. त्याला बापाचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.