ताईच्या स्वयंपाकघरातली हद्द

पाणी कधी खोटं बोलत नाही. आमचे साहेब हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणतात. त्यांचा पाण्याशी संबंध टेबलावरच्या ग्लासापुरता आहे.

माझा तेवढाही नाही. मी शहरं बुडवतो, पण कॉम्प्युटरवर. नकाशाचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला जमिनीची उंची द्यायची, वरून पाऊस सोडायचा आणि पाणी कुठे किती तुंबतं ते बघत चहा प्यायचा. अडचण येते ती कडेला. नकाशा कुठेतरी संपवावा लागतो आणि पाण्याला ते माहीत नसतं. म्हणून कडेच्या चौकोनांना सांगून ठेवावं लागतं, की पाणी इथवर आलं तर पुढे काय. याला आम्ही बाउंड्री कंडिशन म्हणतो. सांगायचं राहिलं, तर कॉम्प्युटर तिथे काचेची भिंत धरतो आणि पाणी माशांच्या टाकीसारखं वर वर चढत जातं.

माझी थोरली बहीण राहते ती गल्ली नेमकी कडेला आली. सर्व्हेवाल्यांनी मोजणी ताईच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत आणली आणि तिथे त्यांचं कंत्राट संपलं. पहिल्या रनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पाऊस सोडला तेव्हा, गल्ली छातीभर बुडाली. तो नकाशा तसाच पुढे गेला असता, तर पावसाळ्याआधी सगळी घरं रिकामी करायला लावली असती. आणि ताई हलणाऱ्यातली नव्हती. भाऊजी गेल्यापासून ती घरातला सोफासुद्धा हलवू देत नसे.

"टोकाला वाट द्या की," साहेब म्हणाले. "बाहेर गेलं की आपलं नाही."

मी सगळ्यात खोलगट चौकोन शोधला आणि त्याला अट दिली: येईल तेवढं बाहेर. तो चौकोन म्हणजे ताईचं स्वयंपाकघर होतं. चौकोनाला त्याचं सोयरसुतक नसतं. गल्ली कोरडी निघाली, नकाशा मंजूर झाला.

पावसाने जोर धरला तेव्हा ताईचा फोन आला.

"अरे, घरात पाणी येतंय."

"किती?"

"पुष्कळ येतंय. पण साचत नाही."

"म्हणजे काय?"

"ते मला काय विचारतोस? इंजिनिअर तू."

मी गेलो. घोट्याएवढं गढूळ पाणी गल्लीतून शिस्तीत येत होतं. शेजाऱ्यांचे उंबरे टाळून ते ताईच्या दारातून आत शिरत होतं, बाहेरची खोली ओलांडत होतं आणि स्वयंपाकघरात मागच्या भिंतीपाशी संपत होतं. तिथे मोरी नव्हती, साधं भोकही नव्हतं. आवाज नव्हता. पाण्याच्या वर बोटभर अंतरावर भिंतीचा रंग कोरडा होता. मी खिशातलं बसचं तिकीट पाण्यात टाकलं. ते भिंतीपर्यंत गेलं. मग नव्हतं.

घराला वळसा घालून मागे गेलो. मोकळं मैदान, पावसाने भिजलेलं गवत. वाहतं पाणी नाही, तिकीट नाही.

"चमचे गेले, झारा गेला," ताई म्हणाली. "तुझ्या भाऊजींच्या चपला गेल्या. त्या मात्र मीच सोडल्या. म्हटलं, बघू."

"काय बघू?"

दारात शेजारचे काका उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

"ताई, दार तेवढं लावू नका हं. मघाशी लावलंत, तर आमच्या खोलीत पाणी चढलं. ही अंथरुणावर पडून असते, तुम्हाला माहीतच आहे. गल्लीचा प्रश्न आहे."

"इतकी वर्षं शेजारी आहेत, कधी चहाला बोलावलं नाही," ताईने मला त्यांच्या देखत सांगितलं.

"बोलावतो ना! पाऊस थांबू दे."

काका गेल्यावर मी म्हणालो, "ताई, माझ्याकडे चल."

"आणि दार कोण उघडं ठेवणार? गल्लीचा प्रश्न आहे."

ऑफिसात परतलो, कॉम्प्युटरसमोर बसलो आणि ती अट काढून टाकली. पडद्यावर गल्ली निळी होऊ लागली. ताईला फोन लावला.

"जायचं थांबलं रे," ती म्हणाली. "आता वर चढतंय. काका ओरडताहेत, काकूंच्या पलंगाला लागलं म्हणून. तू काही केलंस का?"

"नाही."

"मग जे केलं नाहीस, ते आधीसारखं कर."

मी केलं.

"हां. लागलं जायला." मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला. "स्टुलावर बसलेय, भिंतीशी. पाय पाण्यात आहेत. गार लागत नाही."

"मग कसं लागतंय?"

"लागतच नाही काही. पाय आहेत ना, म्हणून वाकून बघितलं. घोट्यापर्यंत आहेत."

"ताई, बाहेर ये."

"कुठल्या बाजूने?"

फोन चालू राहिला. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. पाऊससुद्धा नाही.

मी रिक्षा केली.

दार उघडं होतं. पाणी आत जात होतं.

स्टूल भिंतीला टेकलेलं होतं. त्याचे भिंतीकडचे दोन पाय दिसत नव्हते.

मैदानात जाऊन पाहिलं. गवत.

"आतच असतील," काका आपल्या कोरड्या पायरीवरून म्हणाले. "दार उघडं आहे ना? मग झालं."

पुढे शोध झाला, रीतसर. पोलिसांनी भिंत दोनदा ठोकून पाहिली. भिंत पक्की होती.

पावसाळा संपल्यावर साहेबांनी तो रन पुन्हा तपासायला सांगितला. नकाशात आलेलं पाणी एकीकडे आणि आत उरलेलं व बाहेर गेलेलं दुसरीकडे, असा मेळ बसावा लागतो. बाहेर गेलेलं किंचित जास्त निघालं. एका बाईच्या वजनाएवढं म्हणा.

एवढा फरक चालतो.